खुर्ची

घरत विचारतो, खाडीकाठच्या बाकावर बुटातली माती झटकत,
"जूनला चाललोय पोरीकडं, डॅलसला.
जावई म्हणतो व्हीलचेअर टाकतो तिकिटात.
टाकू दे का?"

मी लगेच बोलत नाही.
ओहोटी आहे. चिखलात फ्लेमिंगो,
एकेका पायावर.

रोज पाच किलोमीटर चालणारी माणसं आम्ही.
घरतचं तर बालपणच या चिखलात पळण्यात गेलं,
नेरुळला सेक्टर फुटायच्या आधी.

मला निनादने सांगितलेलं, न्यूअर्कहून निघताना,
"बाबा, खुर्ची सांगितलीय.
रांग नको, गेट शोधणं नको, कुणाशी बोलणं नको."
मला पाय आहेत, म्हटलं.
"पायांचा प्रश्न नाहीये," म्हणाला.

नव्हताच.
तुर्भ्याच्या कारखान्यात बत्तीस वर्षं
बॉयलरची जाडजूड पुस्तकं इंग्रजीतूनच वाचली मी.
छापलेलं इंग्रजी माणसासाठी थांबतं.
बोललेलं थांबत नाही,
आपण 'पार्डन' म्हणेस्तोवर
मागच्याचा नंबर लागलेला असतो.

तर बसलो.
ढकलायला आली ती बाई माझ्याहून थोरली,
निदान तिचे गुडघे तरी.
छातीवर नावाची पट्टी, मार्गरीत.
कुठलंसं बेट सांगितलं तिने स्वतःचं,
मी मान हलवली, कळल्यासारखी.

लांबच लांब गालिचा, मग चढ.
मानेमागे तिचा श्वास ऐकू यायला लागला,
शिट्टी लागायच्या आधीच्या कुकरसारखा.
मी कुणाला दिसणार नाही असा
उजवा पाय पट्टीवरून खाली सोडला
आणि बुटाच्या टोकाने जमीन मागे लोटली.
एकदा. पुन्हा एकदा.
तिने खांद्यावर दोन बोटं टेकवली.
पाय वर घेतला.
दोघंही पुढे बघत राहिलो.

गेटवर आमच्या अकरा खुर्च्या, ओळीने.
साडीखाली पळायचे बूट घातलेल्या एक बाई.
ठेपल्याचा डबा मांडीवर घेतलेले सुरतेचे काका,
मधूनच उठून बाथरूमला ताडताड जाऊन आलेले.
एकमेकांकडे बघत नव्हतो कुणीच.
परीक्षेत सगळ्यांनी एकाच वहीतून उतरवावं
आणि सगळेच पास व्हावेत, तसे.

मोठी अमेरिकन कंपनी. सगळ्यांत आधी आम्हाला आत घेतलं.
पाणी वाढणारी हवाईसुंदरी पांढऱ्या केसांची,
आपल्याकडे या वयाच्या बाईला
नातवंडं आणि गुडघ्याचं तेल एवढंच देतात.
"वॉटर," मी म्हटलं. तिला कळेना.
"वॉटर." तिसऱ्यांदा बोट दाखवलं.
पाणी मिळालं, चांगलं थंडगार.
पुढचे चौदा तास मग तहान लागली नाही मला.

मुंबईला दारात माझ्या नावाची पाटी,
खुर्ची, आणि दिघ्याचा एक पोरगा.
"बसा काका."
आणि काय झालं कुणास ठाऊक,
बोलतच सुटलो मी.
हवा, नातू, तिकडचे टोमॅटो, बॉयलर, पावसाळ्यात दिघ्याला पाणी भरतं का,
पोरगा हो हो म्हणतोय,
आणि खुर्चीत माझी बॅग बसलेली,
आम्ही दोघं मागून ढकलत चाललोय.
पट्ट्याजवळ आल्यावर म्हणाला,
"काका, आता बसा जरा. साहेब उभा आहे.
नाहीतर माझी फेरी धरणार नाहीत."
बसलो. चेहरा जरा दुखरा केला.

यातलं काहीच सांगितलं नव्हतं इथे कुणाला.
प्रवास कसा झाला, विचारल्यावर
"आरामात," एवढंच. खोटंही नव्हतं.

घरत नाडी बांधून उठलाय.
"बोल की रं. टाकू दे का?"

"टाकू दे," मी म्हणतो.
"फक्त चढ आला की
एक पाय खाली सोड, हळूच."